अमेरिकेतली 'स्टुडंट अफेअर्स'ची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घ्यायची असेल तर: आधी कामाची जागा, मग प्रवेशअर्ज

अमेरिकेतल्या कॉलेजात प्राध्यापकांच्या जोडीला आणखी एक मोठा वर्ग राबत असतो. नव्या मुलांना कॅम्पस दाखवणारे, कुठला विषय कोणत्या सत्रात घ्यायचा ते बसवून देणारे, वसतिगृहात रात्री दोन वाजता दार वाजलं तर उठणारे, अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ मिळवून देणारे, शिस्तभंगाची सुनावणी चालवणारे, परदेशी मुलांचे व्हिसाचे कागद सांभाळणारे. या सगळ्या कामांना मिळून तिथे 'स्टुडंट अफेअर्स' म्हणतात. १९१९ पासूनची नास्पा आणि १९२४ पासूनची एसीपीए या तिथल्या दोन जुन्या व्यावसायिक संघटना. १९३७ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने एक निवेदन काढलं. कॉलेजने विद्यार्थ्याच्या फक्त बुद्धीकडे न पाहता अख्ख्या माणसाकडे पाहावं, हा त्याचा गाभा. आजही या क्षेत्रातला पहिला तास बहुधा तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडेही हे काम आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात विद्यार्थी विकास मंडळ आहे, कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतो, वसतिगृहाला रेक्टर असतो. पण बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाकडे शिकवणं सांभाळून दिलेली ती जास्तीची जबाबदारी असते. अमेरिकेत तो स्वतंत्र पेशा आहे आणि त्यात शिरायला बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी लागते.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. जोडीदाराच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या, भारतात शिकवण्याचा किंवा एचआरचा अनुभव असलेल्या आणि आता नव्याने उभं राहू पाहणाऱ्या कितीतरी जणी या पदवीची चौकशी करतात. घर, मुलं, नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकता येतं, हे आकर्षण खरं आहे. पण ज्या क्रमाने बहुतेक जण याकडे जातात तो क्रम मला चुकीचा वाटतो. आधी विद्यापीठ निवडतात, मग फी भरतात, आणि दुसऱ्या वर्षी विचारतात की आता अनुभव कुठून आणू?

अडचण इथे आहे. कॅम्पसवर हीच पदवी करणारा विद्यार्थी बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट असतो. आठवड्याला वीसेक तास एखाद्या कार्यालयात काम, बदल्यात फी माफ किंवा कमी आणि वर थोडा भत्ता. दोन वर्षांनी त्याच्या हातात पदवीसोबत दोन वर्षांचं काम असतं. ऑनलाइन विद्यार्थ्याला ही सोय सहसा नसते, आणि नोकरीच्या मुलाखतीत दोघं एकाच रांगेत बसतात. निवड समिती विचारते ते कामाबद्दल. म्हणून माझा आग्रह असा, की कामाची जागा आधी शोधा, पदवी तिच्याभोवती बसवा.

पहिली पायरी: तुमच्या व्हिसावर काय चालतं

हे सगळ्यांत आधी, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असेल तर शिक्षण, पगारी काम, सरकारी कर्ज, सगळं खुलं. पुढच्या पायरीवर जा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर शिकायला बंदी नाही, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ, कसंही. पगारी काम मात्र ईएडी म्हणजे कामाचा परवाना असल्याशिवाय करता येत नाही. २०१५ च्या नियमाने हा परवाना काही एच-४ जोडीदारांना मिळतो. ढोबळमानाने सांगायचं तर, ज्यांच्या जोडीदाराची आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डसाठीची याचिका, मंजूर झाली आहे किंवा ज्याचा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढवला गेला आहे, त्यांना. एल-२ वर असलेल्यांना, म्हणजे कंपनीने बदली करून आणलेल्या माणसांच्या जोडीदारांना, नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं, फक्त आय-९४ या प्रवेशनोंदीवर जोडीदाराची खूण असायला हवी. एच-१बी वर असलेला माणूस नोकरी सांभाळून शिकू शकतो, पण दुसऱ्या मालकाकडे पगारी काम त्या मालकाने अर्ज केल्याशिवाय नाही.

ईएडी नसलेल्या एच-४ वाल्यांनी एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. अभ्यासक्रमातलं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखाली करायचं प्रत्यक्ष काम, बिनपगारी असलं तरी, एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम तुम्ही फुकट करत असाल तर ते अंगाशी येऊ शकतं. 'माझी मैत्रीण करत होती, काही झालं नाही' हा पुरावा नव्हे. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि इमिग्रेशन वकिलाला, दोघांनाही लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा पूर्ण ऑनलाइन पदवीसाठी मिळत नाही. एफ-१ वर असताना पूर्णवेळ अभ्यासात दर सत्राला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे जास्तीत जास्त तीन क्रेडिट, धरता येतात. म्हणजे भारतात बसून ऑनलाइन पदवी घ्यायची आणि तिच्या जोरावर ओपीटीवर, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, अमेरिकेत नोकरी करायची, हा मार्ग अस्तित्वातच नाही. कुणी एजंट तसं सांगत असेल तर तिथेच उठा.

आणखी एक नियम फार जणांना उशिरा कळतो. परदेशी विद्यार्थ्यांना मदत करण्याची आपल्या लोकांना साहजिक ओढ असते. आपण त्यातून गेलेलो असतो. पण आय-२० या विद्यार्थी व्हिसाच्या कागदावर सही करणारा अधिकारी, म्हणजे डीएसओ, हा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच असावा लागतो. इंटरनॅशनल ऑफिसातल्या बऱ्याच जागांना ही अट असते. तुम्ही एच-४ ईएडीवर असाल तर तिथे कार्यक्रम आणि ओरिएंटेशनच्या जागा बघा, नाहीतर विषयनिवडीचा सल्ला देण्याच्या कामाकडे, म्हणजे अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजिंगकडे वळा.

विद्यापीठं एच-१बीच्या वार्षिक कोट्याबाहेर आहेत हे खरं, पण या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या पदांसाठी प्रायोजकत्व देणारी थोडीच. त्यात सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली आहे. व्हिसा मिळावा म्हणून ही पदवी घेऊ नका, एवढंच मी म्हणेन.

दुसरी पायरी: कामाची जागा शोधा, पदवीच्या आधी

सगळ्यांत चांगली सुरुवात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात होते. तिथे वय वाढलेले, नोकरी करणारे, इंग्रजी दुसरी भाषा असलेले विद्यार्थी खूप असतात आणि कर्मचारी नेहमी कमी पडतात. ट्युटरिंग सेंटर, टेस्टिंग सेंटर, प्रवेश विभागाचा फ्रंट डेस्क, ओरिएंटेशनच्या हंगामापुरती अर्धवेळ कामं, अशा जागांना पदव्युत्तर पदवी लागत नाही. पगार कमी असतो. पण विद्यार्थी समोर बसून 'माझी फी भरली गेली नाही, आता वर्गातून काढतील का?' विचारतो तेव्हा काय करायचं, हे तिथेच शिकता येतं.

दुसरा मार्ग मला त्याहून बरा वाटतो: विद्यापीठात पूर्णवेळ कारकुनी किंवा समन्वयकाची नोकरी धरणं. अनेक विद्यापीठं कर्मचाऱ्यांना फीमाफी देतात. अनुभव आणि फी, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. किती महिन्यांच्या नोकरीनंतर माफी सुरू होते, सत्राला किती क्रेडिट, ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे एचआरला विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन कार्यक्रमांचा हिशेब वेगळा असतो आणि माफी तिथे चालत नाही.

ओळखी कशा काढायच्या? कॉलेजच्या संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांचे ईमेल उघड असतात. ज्यांचं काम तुम्हाला करायला आवडेल अशा दोघा-तिघांना चार ओळींचं पत्र लिहा: मी कोण, या क्षेत्रात का यायचंय, वीस मिनिटं बोलाल का. नोकरी मागू नका. अमेरिकेत या पत्राला उत्तर येतं, विशेषतः या पेशात, कारण इथली बहुतेक माणसं कुणीतरी हात दिला म्हणूनच इथे आलेली असतात. बोलणं झालं की विचारा: पुढे माझं प्रॅक्टिकम तुमच्याकडे होऊ शकेल का? असा एक होकार मिळाला की पदवीचा पाया पडला.

महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सव उभा केला असेल, मराठी शाळा चालवली असेल, तर ते रेझ्युमेत जरूर लिहा, पण आकड्यांसह: किती स्वयंसेवक, किती बजेट, कुठला पेच कसा सोडवला. त्याने दार किलकिलं होतं. कॉलेजातल्या कामाची जागा मात्र ते घेत नाही.

तिसरी पायरी: अभ्यासक्रम पारखणं

नावं वेगवेगळी असतात: स्टुडंट अफेअर्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स, हायर एज्युकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. पदवी एम.एड., एम.एस., एम.ए. किंवा एम.एस.एड. अशी कोणतीही असू शकते. नोकरीत त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आतल्या विषयांनी. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'कडे झुकलेल्या अभ्यासक्रमात अर्थसंकल्प, धोरण, संस्थेचा कारभार जास्त. 'स्टुडंट अफेअर्स'मध्ये विद्यार्थी विकासाचे सिद्धांत, समुपदेशनाची कौशल्यं, प्रॅक्टिकम जास्त. थेट विद्यार्थ्यांसोबत काम करायचं असेल तर दुसरा प्रकार घ्या.

मान्यतेबद्दल बराच गोंधळ आहे. विद्यापीठाला संस्था म्हणून मान्यता हवी: हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स, साउथर्न असोसिएशन यांसारख्या जुन्या 'प्रादेशिक' मंडळांपैकी एकाची. २०२० पासून शिक्षण खात्याने प्रादेशिक आणि राष्ट्रीय हा भेद नियमातून काढला, पण विद्यापीठांच्या मनातून तो गेलेला नाही. पुढे डॉक्टरेट करायची असेल तर जुन्या प्रादेशिक मंडळाचीच मान्यता बघा. शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव स्वतः तपासा, जाहिरातीवर जाऊ नका.

अभ्यासक्रमाला मात्र वेगळी मान्यता सहसा नसते, आणि ती नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. त्याऐवजी १९७९ मध्ये स्थापन झालेल्या कॅस या परिषदेचे निकष आहेत. ही परिषद मान्यता देत नाही, मापदंड घालून देते. त्यांपैकी एक निकष मी प्रत्येकाला पाठ करायला सांगते: किमान ३०० तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, तेही किमान दोन वेगळ्या ठिकाणच्या किंवा प्रकारच्या कामांत. कार्यक्रम संचालकाला सरळ विचारा, तुमचा अभ्यासक्रम कॅसच्या निकषांना धरून आहे का, आणि ३०० तास कुठे बसतात? उत्तर गुळमुळीत आलं तर नाव खोडा. प्रॅक्टिकम 'ऐच्छिक' असलेला अभ्यासक्रम नवख्या माणसाने घेऊ नये. आठ-दहा वर्षं कॉलेजातच काम करून बढतीसाठी पदवी घेणाऱ्याला तो चालेल.

उदाहरणं म्हणून तीन ठिकाणं बघा. युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन–ला क्रॉस इथे स्टुडंट अफेअर्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी कॅम्पसवर आणि ऑनलाइन अशा दोन्ही रीतींनी होते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचाही या विषयाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे. कॅन्सस स्टेट विद्यापीठाची ऑनलाइन पदवी खास अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजिंगची आहे, आणि अ‍ॅडव्हायजरांच्या नकाडा या संघटनेचं मुख्यालय त्याच गावात, कॅन्ससमधल्या मॅनहॅटनला आहे. अ‍ॅडव्हायजर व्हायचं पक्कं असेल तर तो विचार करण्याजोगा आहे. तिघांची विषयसूची शेजारी ठेवून वाचलीत तरी तुम्हाला काय हवंय ते उमगेल.

शिकवणं कसं चालतं तेही विचारा. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसायचं की आपापल्या वेळी? एकाच तुकडीबरोबर शेवटपर्यंत जायचं की दर सत्राला नवे चेहरे? मी तुकडीच्या आणि आठवड्यातून एक संध्याकाळ थेट वर्गाच्या बाजूने आहे. या पेशात नोकऱ्या ओळखीतून फिरतात, आणि फक्त चर्चाफलकावर भेटलेला सहाध्यायी तुमच्यासाठी फोन उचलेलच असं नाही. भारतातून शिकणाऱ्याने घड्याळही बघावं: अमेरिकेच्या सेंट्रल टाइम झोनमध्ये संध्याकाळी सहाचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.

शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात ऑनलाइन शिकताना तुमच्या राज्यात प्रॅक्टिकम करायला त्या विद्यापीठाला परवानगी लागते. बहुतेक राज्यं सारा नावाच्या परस्पर करारात आहेत. कॅलिफोर्निया अनेक वर्षं त्याबाहेर राहिलेलं राज्य. तिथे राहणाऱ्यांनी हा प्रश्न प्रवेशाआधी विचारायचाच.

आणि एक स्पष्ट इशारा. या पदवीने तुम्ही परवानाधारक समुपदेशक होत नाही. त्यासाठी समुपदेशनाची वेगळी पदवी, बहुतेकदा केकरेप या समुपदेशन अभ्यासक्रमांच्या मंडळाच्या मान्यतेची, आणि राज्याचा परवाना लागतो. कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात बसून मानसोपचार करायचं स्वप्न असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

चौथी पायरी: पैशाचा हिशेब

फी क्रेडिटवर असते. समजा एका क्रेडिटला ६०० डॉलर आणि पदवी ३६ क्रेडिटची, तर २१,६०० डॉलर झाले. त्यावर तंत्रज्ञान शुल्क, ऑनलाइन शुल्क, पुस्तकं. काही सरकारी विद्यापीठं ऑनलाइन विद्यार्थ्याला राज्याबाहेरची चढी फी लावत नाहीत. तेवढ्याने हजारो डॉलर वाचतात, म्हणून तो प्रश्न पहिला विचारा.

ग्रीनकार्डधारक आणि नागरिक फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरून सरकारी कर्ज घेऊ शकतात, पण किमान अर्धवेळ नोंदणी हवी. २०२५ च्या कायद्याने इथे मोठा बदल झाला आहे: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं जादा सरकारी कर्ज बंद, आणि अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर. एच-४ आणि एच-१बी वाल्यांना हे कर्ज मिळत नाही.

नोकरी देणाऱ्याने भरलेल्या फीपैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. पदव्युत्तर फीमाफी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम सामान्यतः पगारात धरली जाते आणि त्यावर कर कापला जातो. डिसेंबरचा पगार अचानक का घटला, असं मग वाटायला नको. वर्षात किती क्रेडिट घ्यायचे ते हा आकडा समोर ठेवून ठरवा. सरकारी किंवा ना-नफा कॉलेजात नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची २००७ पासूनची योजना आहे. कम्युनिटी कॉलेजही त्यात बसतं.

हे सगळं मी एवढं बारकाईने लिहिते आहे कारण या पेशात सुरुवातीचा पगार बेताचा असतो. आयटीतल्या पगाराशी त्याची तुलना होऊच शकत नाही. पन्नास हजार डॉलरचं कर्ज काढून ही पदवी घेणं मला पटत नाही.

पाचवी पायरी: अर्ज

बऱ्याच कार्यक्रमांनी जीआरई सोडून दिली आहे. आपल्या लोकांची गाडी अडते ती दुसरीकडे.

तीन वर्षांची पदवी. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांना काही विद्यापीठं अमेरिकी पदवीच्या बरोबरीची मानतात, काही मानत नाहीत. परदेशी पदव्या पारखणाऱ्या संस्थांच्या नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून, उदाहरणार्थ डब्ल्यूईएसकडून, विषयवार मूल्यमापन करून घ्या. कॉलेजची नॅक श्रेणी आणि तुमचा वर्ग यांचा त्यात विचार होऊ शकतो. एम.ए. किंवा एम.कॉम. केलं असेल तर तेही पाठवा, दोन्ही मिळून प्रश्न सुटतो. मूल्यमापनावर पैसे घालण्याआधी विद्यापीठाला विचारा की तुम्हाला कुठल्या संस्थेचं चालतं.

ट्रान्सक्रिप्ट. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून ते मागवायला वेळ लागतो. अर्जाच्या मुदतीआधी चार-पाच महिने सुरुवात करा. जुन्या गुणपत्रिकांच्या सगळ्या सत्रांच्या प्रती हाताशी ठेवा, एखादी हरवली असेल तर दुय्यम प्रत आधी काढावी लागते. २०१४ आधीच्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ' आणि आताच्या कागदांवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' असं असेल तर अर्जात एक ओळ लिहून टाका की संस्था एकच.

नाव. आपल्या बायकांना हा त्रास हमखास होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परक्या कार्यालयाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. विवाह नोंदणी दाखला, असेल तर राजपत्रातली नोंद, आणि सगळी नावं एकत्र असलेलं प्रतिज्ञापत्र, हा संच एकदाच तयार करा आणि प्रत्येक अर्जासोबत तोच लावा.

निवेदनपत्रात आपण बक्षिसं आणि टक्के मांडत बसतो. समितीला ते नको असतं. एका विद्यार्थ्याचा प्रसंग निवडा, त्याचं नाव बदला, आणि तुम्ही काय केलंत, काय सुचलं नाही, कुठलं ज्ञान कमी पडलं ते लिहा. शिफारसपत्रांपैकी एक तरी सध्याच्या कामावरच्या वरिष्ठांचं हवं. वीस वर्षांपूर्वीच्या प्राचार्यांचं पत्र कितीही गौरवाचं असलं तरी त्याला इथे वजन नाही. दुसऱ्या पायरीवर मिळवलेली जागा इथेही उपयोगी पडते.

सहावी पायरी: प्रत्यक्ष अभ्यास

चर्चाफलकावर लिहिणं, एपीए पद्धतीने संदर्भ देणं, गटात प्रकल्प करणं हे थोड्या सवयीने जमतं. मात्र दुसऱ्याचं वाक्य अवतरणाशिवाय उतरवलं तर इथे सरळ चौकशी होते; आपल्या उत्तरपत्रिकांच्या सवयी सोडाव्या लागतात.

खरी कसोटी दोन विषयांत लागते, आणि त्यांतच आपल्याकडे सांगण्यासारखंही सगळ्यांत जास्त असतं.

एक, विद्यार्थी विकासाचे सिद्धांत. चिकरिंग यांनी १९६९ मध्ये ओळख घडण्याच्या सात दिशा मांडल्या; अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये सहभागाचा सिद्धांत मांडला; श्लॉसबर्ग यांनी आयुष्यातली स्थित्यंतरं माणूस कशी पेलतो ते चार घटकांत बसवलं: परिस्थिती, स्वतः, आधार आणि डावपेच. यांतल्या काही जुन्या सिद्धांतांचा पाया ठरावीक प्रकारच्या विद्यार्थ्यांवर रचला गेला. पेरी यांचा बौद्धिक वाढीचा सिद्धांत मुख्यतः हार्वर्डमधल्या मुलांच्या मुलाखतींतून आला. स्वायत्त होणं म्हणजे घरच्यांपासून सुटं होणं, असा अर्थ वाचताना मनात उमटतो, आणि मोठ्या बहिणीच्या सल्ल्याने शाखा निवडणारी मुलगी मग 'अपरिपक्व' वाटू लागते. ती तशी नसते. २००५ मध्ये टारा योसो यांनी कुटुंबातून आणि समाजातून मिळणाऱ्या भांडवलाची मांडणी केली, ती इथे हाताशी येते. असे प्रश्न वर्गात विचारा. प्राध्यापकांना ते हवे असतात.

दोन, कायदा. १९६१ च्या डिक्सन विरुद्ध अलाबामा खटल्याने सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला नोटीस आणि सुनावणीशिवाय काढून टाकण्यापासून रोखलं. नागरी हक्कांच्या आंदोलनातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा तो खटला होता. पालकांच्या जागी कॉलेज, ही जुनी कल्पना तिथून ढासळू लागली. मग लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा टायटल नाइन, नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा फर्पा, आणि कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करायला लावणारा १९९० चा क्लेरी कायदा.

यांतला फर्पा आपल्या माणसाला सगळ्यांत परका वाटतो. मूल कॉलेजात गेलं की नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय काहीही असो. फी बाप भरतो, पण गुण बापाला कळवायचे की नाही ते मूल ठरवतं. मूल करासाठी पालकांवर अवलंबून असेल तर कॉलेज सांगू शकतं, सांगण्याचं बंधन नाही. फोनवर काळजीने रडवेली झालेली आई आणि समोर गप्प बसलेला मुलगा, यांच्यामध्ये कायदा न मोडता आणि माणुसकी न सोडता उभं राहायला शिकणं हा या पदवीचा फार मोठा भाग आहे. भारतीय घर आतून माहीत असलेला माणूस तिथे खूप काही करू शकतो. तुमची ही ताकद ओळखा आणि निबंधांत, प्रकल्पांत ती वापरा.

सातवी पायरी: प्रॅक्टिकम

तीनशेपैकी दीडशे तास पंधरा आठवड्यांच्या सत्रात बसवायचे तर आठवड्याला दहा तास होतात, तेही कार्यालय उघडं असताना. रोजची नऊ ते पाच नोकरी असेल तर संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालणारी कामं शोधा: वसतिगृह, ओरिएंटेशन, विद्यार्थी संघटना, ट्युटरिंग. स्वतःच्याच कार्यालयात प्रॅक्टिकम करायला काही कार्यक्रम परवानगी देतात, पण रोजच्यापेक्षा वेगळं काम असावं लागतं.

दोन ठिकाणं मुद्दाम भिन्न निवडा. एक अ‍ॅडव्हायजिंगचं असेल तर दुसरं शिस्त-सुनावणी, अपंग सेवा किंवा करिअर सेंटरचं. सुरुवातीलाच सुपरवायजरबरोबर लिहून ठरवा की सत्राअखेर तुमच्या नावावर कोणती तयार वस्तू असेल: पुस्तिका, प्रशिक्षणाचा आराखडा, सर्वेक्षणाचा अहवाल. नाहीतर दीडशे तास फोन घेण्यात आणि फाइली लावण्यात जातात. दर आठवड्याला एक तास सुपरवायजरशी निवांत बोलणं मागून घ्या. एसीपीए आणि नास्पाने मिळून दहा व्यावसायिक क्षमता ठरवल्या आहेत, २०१५ ची आवृत्ती सगळीकडे वापरात आहे. प्रत्येक कामापुढे त्यांतली कुठली क्षमता वाढली ते नोंदवत जा. पोर्टफोलिओ आणि मुलाखतीची तयारी त्यातून आपोआप होते.

भारतात राहणाऱ्यांसाठी

भारतातल्या एखाद्या खासगी विद्यापीठात स्टुडंट लाइफचं काम करत असाल आणि संस्था खर्चाला हातभार लावत असेल, तर या पदवीचा उपयोग आहे. तिथे प्रॅक्टिकम चालेल का, ते अमेरिकी विद्यापीठाकडून लेखी घ्या. सरकारी विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात नोकरी हवी असेल तर परदेशी पदवीला समकक्षता लागते, आणि ऑनलाइन घेतलेल्या पदवीला ती मिळेलच असं गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी विचारा. याहून वेगळी परिस्थिती असेल तर माझा सल्ला नाही असाच आहे.

आठवी पायरी: नोकरी

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज करायला लागा. शैक्षणिक वर्षाच्या भरतीचा मोठा हंगाम वसंतात असतो. हायरएडजॉब्जवर आणि कॉलेजांच्या स्वतःच्या पानांवर जाहिराती येतात. सामान्यतः पदवीच्या कागदावर 'ऑनलाइन' असं लिहिलेलं नसतं, पण मुलाखतीत विचारलं तर खरं सांगा आणि लगेच प्रॅक्टिकमच्या कामाकडे वळा.

वसतिगृह संचालकाच्या जागा सगळ्यांत लवकर मिळतात. राहायला घर मिळतं, पण रात्रीबेरात्रीचा फोनही येतो. लहान मुलं असलेल्यांनी कुटुंबाला राहू देतात का ते विचारावं. समता आणि विविधतेच्या कार्यालयांत जायचं असेल तर राज्याचा कायदा आधी वाचा. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२४ पासून एसबी १७ लागू झाल्यावर सरकारी विद्यापीठांतली अशी कार्यालयं बंद झाली, आणि इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. ती कामं करणारी चांगली माणसं आज अ‍ॅडव्हायजिंग आणि विद्यार्थी-यश केंद्रांत आहेत. विद्यार्थ्यांची गरज कार्यालयाबरोबर बंद होत नाही.

मुलाखत बहुधा समितीपुढे होते आणि अनेकदा छोटं सादरीकरण करायला सांगतात. प्रश्न प्रसंगावरचे असतात: विद्यार्थी आत्महत्येचा विचार बोलून दाखवतो, काय कराल? नुसतं 'मी त्याला समजावेन' हे उत्तर पुरेसं नाही. त्याला एकटं न सोडणं, ठरलेल्या साखळीप्रमाणे समुपदेशन केंद्राला किंवा आणीबाणीच्या क्रमांकाला कळवणं, त्याला गुप्ततेचं खोटं वचन न देणं, नंतर नोंद करणं, हे क्रमाने सांगता आलं पाहिजे. ऑफर आली की पगाराच्या आकड्यासोबत आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, स्वतःच्या पुढच्या शिक्षणाची आणि मुलांच्या फीची सवलत, आणि परिषदांना जाण्याचा खर्च या चारही गोष्टी लेखी मागा. पगार वाढवणं शक्य नसलं तरी यांतलं काहीतरी मिळू शकतं.